सिताबाईचं दुसरं जाणं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तुमची सख्खी आई तुम्हाला 'अहो' म्हणते. तुम्ही अंगणात आलात की ती डोक्यावरचा पदर सारखा करते. जेवायला बसलात की पहिलं ताट तुमच्यापुढं येतं, थोरल्या चुलत्याच्याही आधी. वडील तुम्हाला 'आई' म्हणून हाक मारतात, थट्टेनं नव्हे, अगदी मनापासून. मेंढा बाजारात न्यायचा की ठेवायचा हे आधी तुम्हाला विचारतात. कितीही खोड्या काढल्यात तरी कुणी रागावत नाही. मजा वाटली ना? पण डोळे अजून मिटलेलेच ठेवा. तुम्हाला कुणी रागावत नाही, कारण तुम्ही लहान आहात हे कुणाच्या मनातच येत नाही. पळताना पडलात, गुडघा फुटला, तर कुणी उचलून घेत नाही. सगळे भोवती अदबीनं उभे राहतात आणि तुम्ही आपले आपण उठायची वाट बघतात. आता उघडा डोळे. अशी एक मुलगी धाराशिवला होती. गोष्ट तिची आहे, पण आपण ती तिच्या वडिलांच्या मनात बसून ऐकू, कारण त्या वर्षी सगळ्यात जास्त उलघाल तिथंच चालली होती.

वडिलांचं नाव गोरोबा. लोहाऱ्याकडच्या माळावरच्या धनगर वस्तीतला हा माणूस मेंढरं भावावर सोपवून एस.टी.त कंडक्टर झाला होता आणि धाराशिवात दोन खोल्या घेऊन राहत होता. एका शनिवारी तो मुलीला शाळेतून आणायला गेला, तेव्हा चंद्रप्रभाबाईंनी त्याला व्हरांड्यात थांबवून घेतलं. बाई तुळजापूरच्या, आजोबांपासून घरात मास्तरकी, मुलांवर जीव टाकणाऱ्या. त्या हसत हसत सांगायला लागल्या. आज वर्गात सगळ्यांना विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी म्हणालं ड्रायव्हर, कुणी म्हणालं तहसीलदार. आणि तुमची सिताबाई उठून म्हणाली, "माझं मोठं होऊन झालं. मरून पण झालं. आता परत आलेय." सांगताना बाईंना पुन्हा हसू आलं, आणि गोरोबा हसत नाही हे बघून त्या थांबल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या की तिच्या डाव्या डोळ्याला सारखं पाणी येतं, बुबुळावर पांढरा सारा, पातळ पडद्यासारखा, धरलेला दिसतोय, मोठ्या डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका. गोरोबा "व्हय बाई" म्हणाला आणि मुलीचं दप्तर खांद्याला लावून निघाला. वाटेत ती त्याच्या पुढं चालत होती, हात मागं बांधून, म्हाताऱ्या बाईसारखी, आणि त्याच्या छातीत काहीतरी टोचत होतं. ते डोळ्याचं नव्हतं. ती जे बोलली ते त्याच्या घरात गेली नऊ वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, तो स्वतःही तेच बोलत आला होता. पण भिंतीवरचा नकाशा, फळा, ओळीनं बसलेली पोरं, यांच्यामधे उभं राहून ते वाक्य कुणीतरी मोठ्यानं बोललं, आणि पोरं हसली, हे त्याला सहन होईना. अंगावरचं कापड भर बाजारात ओढलं जावं तसं झालं. कुणाच्या अंगावरचं, त्याच्या की तिच्या, ते मात्र त्याला ठरवता येईना.

आता तुम्ही आपल्या डोळ्याखाली बोट ठेवून बघा. टणक उंचवटा लागेल. ते गालाचं हाड. ते डोळ्याला खालून धरून ठेवतं. त्याच्याखाली वरचा जबडा, आणि वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढं येऊन बसतात, म्हणून भाकरीचा तुकडा आपल्याला तोडता येतो. गोरोबाच्या आईला, म्हणजे थोरल्या सिताबाईला, तो उंचवटा नव्हताच. डोळ्यापासून ओठापर्यंत सगळा सपाट उतार, नाकाच्या दोन्ही बाजूंनी तर खोलगट, आणि खालचा जबडा उंबऱ्यासारखा पुढं आलेला. डोळे मोठाले, वर आलेले. बाजारात पोरं मागं लागली की ती गर्रकन वळायची, जबडा आणखी पुढं काढायची, पोरं पळायची. मग तीच त्यांना बोलावून ओच्यातली बोरं द्यायची. गोरोबाला ते तोंड कधी वेगळं वाटलं नाही. आईचं तोंड असंच असतं असं तो धरून चालला होता, आणि दुसऱ्यांच्या आयांची उंच गालांची तोंडं त्याला लहानपणी जरा सुजल्यासारखी वाटत. दुपारी बाभळीच्या सावलीत ती लवंडायची तेव्हा तिचा श्वास घरघर वाजायचा, वाजता वाजता एकदम थांबायचा. मग लहान गोरोबाही आपला श्वास धरून बसायचा. मेंढरं सावलीला माना खाली घालून उभी, सगळा माळ गप्प. तिचा श्वास दणक्यात सुटला की त्याचाही सुटायचा. हा खेळ त्यानं कुणाला सांगितला नव्हता. पुढं तिचा एक डोळा दुधासारखा पांढरा झाला. त्या डोळ्याच्या बाजूनं आलेलं माणूस तिला कळायचं नाही, म्हणून गोरोबा नेहमी दुसऱ्या बाजूनं यायला शिकला. ती गेली तेव्हा तो नोकरीच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबादला होता. निरोप मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. आई गेली असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. त्यानं जाताना तिला पाहिलं नव्हतं, त्यामुळं ते सांगणं त्याच्या आत कुठं बसलंच नाही.

आणि दुसऱ्याच वर्षी त्याची बायको धुरपताबाई वस्तीवर बाळंत झाली. सुईणीनं पोर बाहेर आणून दाखवली. तोच उतार, तेच डोळे, तोच पुढं आलेला जबडा, तळहाताएवढ्या तोंडावर. गोरोबाचे वडील बिराप्पा यांनी एकदा बघितलं, मुंडाशाचा शेव डोळ्यांवरून फिरवला, "आली" एवढंच म्हणाले आणि उठून मेंढरांकडं गेले. झालं. त्या एका शब्दावर पोरीचं नाव ठरलं, जागा ठरली, मान ठरला. मेलेलं माणूस त्याच घरात माघारी येतं हे वस्तीवर सगळेच मानायचे, पण तोंड सोबत घेऊन आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. धुरपताबाईनं पोटच्या पोरीला सासूबाई मानलं. गोरोबाचा थोरला भाऊ बंडप्पा आणि त्याची बायको वाकून नमस्कार करू लागले. पोर बोलायला लागली तीच "धुरपता, पानी आन" असं. तिला तरी काय ठाऊक, सगळे जसे वागतात तशी ती बोलत होती. पाच वर्षांची असताना बंडप्पानं तिला विचारलं, आई, यातलं कुठलं जनावर इकू? तिनं सगळ्यात देखणी मेंढी बोटानं दाखवली, बहुतेक आवडली म्हणून, आणि बंडप्पानं कळपाला वाट दाखवणारी तीच मेंढी नळदुर्गाच्या बाजारात विकून टाकली. मग महिनाभर कळप कुठंही भरकटत होता आणि बंडप्पा माळावर पळत होता, पण आईनं सांगितलं म्हणजे त्यात काहीतरी असणार, यावर त्याचा भरोसा कायम. त्यानंतर पोर शहाणी झाली. काही विचारलं की एक गुडघा उभा करून बसायची आणि म्हणायची, "बगा बाबा तुमचं तुमी." अगदी म्हातारीसारखंच म्हणते, म्हणून सगळे खूश व्हायचे.

एकटे बिराप्पा तिच्याशी कधी बोलले नाहीत. रागानं नव्हे. जुन्या रीतीचा माणूस, चारचौघांत बायकोशी बोलत नसे, तसाच तो आता नातीशी बोलत नसे. तिच्याकडं सरळ बघायचा नाही. ती ओट्यावर आली की हा पाठ फिरवून बसायचा आणि भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचा, तिला म्हणावं ऊन लई हाय, सावलीला बसावं. पहिल्या धारेचं दूध तिच्या बाजूला सरकवून ठेवायचा. तोंड बाहेर वळवून, पण ती पिते की नाही हे कान देऊन ऐकायचा. गोरोबाला ते बघून हसू यायचं आणि बरंही वाटायचं. माणसांच्या आया जातात, त्याची मात्र जाऊन आली होती. धाराशिवच्या खोलीत दुपारी पोर झोपली की तीच घरघर, तेच थांबणं, आणि हा तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन श्वास धरून बसलेला, तिशी ओलांडलेला बाप्या. श्वास सुटला की दोघांचा सुटायचा. कधीकधी फार वेळ सुटायचा नाही. तेव्हा तो तिच्या पायाचा अंगठा हळूच हलवायचा.

सोलापूरच्या डॉक्टरनं डोळा बघितला आणि चिठ्ठी देऊन मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथले सर्जन परदेशात शिकून आलेले, शांत, हळू बोलणारे. त्यांनी पोरीच्या गालावर दोन बोटं फिरवली आणि गोरोबाला समजेल असं सांगितलं. छपराची वळचण आखूड राहिली की पाऊस भिंतीवर येतो ना, तसं आहे. गालाची हाडं आणि वरचा जबडा वाढायचा राहून गेलाय. डोळ्याला खोबण पुरत नाही, झोपेत तो पुरता मिटत नाही, म्हणून सुकतो आणि त्यावर सारा धरतो. श्वासाची वाटही अरुंद राहिलीय. वरचा जबडा मोकळा करून पुढं आणायचा, मागं पडलेल्या फटीत आणि गालावर तिच्याच कंबरेच्या हाडाचे तुकडे बसवायचे, आणि हाडानं हाड धरेपर्यंत दात तारेनं बांधून ठेवायचे. आणखी मोठी झाल्यावर केलं असतं तर बरं होतं, पण डोळा तोवर थांबणार नाही. ही शस्त्रक्रिया फार थोड्या ठिकाणी होते आणि आपण ती फार वेळा केलेली नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. गोरोबानं सगळं ऐकून एकच विचारलं, "साहेब, तोंड बदलंल का?" डॉक्टरांना वाटलं बापाला आशा लागलीय. ते म्हणाले, बदलेल, पुष्कळ चांगलं होईल. गोरोबा बाहेर येऊन बाकावर बसला. शेजारी पोर पाय हलवत बसली होती, आणि तो तिच्याकडं चोरून बघत होता, जशी गाडी सुटायला लागलेली असावी आणि खिडकीतलं माणूस अजून दिसत असावं. आईचा एकही फोटो नव्हता. तिला फोटोवाल्याकडं कुणी कधी नेलंच नव्हतं.

नंतरच्या दिवसांत तो गाडीत चुकायला लागला. उतारू 'तुळजापूर' म्हणे, हा लोहाऱ्याचं तिकीट फाडी. डोळा की आई, असं मनात आलं की त्याला स्वतःची लाज वाटायची, कारण डोळा पोरीचा होता. पण पोर म्हणजेच आई, मग डोळाही आईचाच, आणि आईनं तर एका डोळ्यावर निम्मं आयुष्य काढलं, तक्रार केली नाही. असं म्हटलं की जरा बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं नाही. एका सकाळी त्याची गाडी बिघडली आणि तो अवेळी घरी आला. न्हाणीच्या पत्र्यामागं पाणी पडत होतं, आणि पाण्याच्या आवाजात धुरपताबाई कुणाशी तरी बोलत होती. अगं हलू नकोस, साबन जाईल तुझ्या कानात. थांब गं माझे बाई, माझी चिमनी ती. किती वाळलीस गं तू. गोरोबा पेटी खांद्याला तशीच ठेवून उभा राहिला. बायकोच्या तोंडी पोरीसाठी 'तू' त्यानं नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. आत पोर खिदळत होती, म्हातारीसारखी नव्हे, पोरीसारखी, आणि ते खिदळणंही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे रोज, पाणी पडत असेपर्यंत, या घरात एक लेकरू असायचं आणि एक आई असायची, आणि पाणी थांबलं की दोघी आपापल्या जागी जायच्या. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरावं तसा तो मागं सरला, रस्त्यापर्यंत गेला, खाकरत पुन्हा आला. तोवर धुरपताबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. "केस पुसून घ्या, अहो आई, वारा लागंल," ती पोरीला म्हणत होती. गोरोबानं तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

घरात काही मोठं ठरवायचं म्हणजे वस्तीवर जायचं, ही रीत. सगळे अंगणात बसले. बिराप्पा नेहमीसारखे पाठ करून दगडावर. गोरोबानं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, वळचणीचा दाखला दिला, पण स्वतःचं मत काही सांगेना. बंडप्पा काडीनं माती उकरत होता. मग म्हणाला, "म्हातारी माघारी आली ती त्या तोंडावर आमी वळखली. ते तोंडच काढलं तर ती ऱ्हाईल कशात, सांग बरं." गोरोबाच्याच मनातलं भाऊ बोलला होता. शेवटी बंडप्पाच म्हणाला की आपण भांडून काय उपयोग, मेंढरू इकताना इचारतो तर हे बी तिलाच इचारावं. आणि तो पोरीपुढं हात जोडून बसला. आई, तुझ्या तोंडाला हत्यार लावू द्यायचं का न्हाय?

पोर एक गुडघा उभा करून बसली होती. सगळ्यांना तिचं उत्तर पाठ होतं. बगा तुमचं तुमी. गोरोबा त्या उत्तराची वाट बघत होता, ते आलं की सगळं पुन्हा त्याच्यावर येणार होतं. पोरीनं सगळ्यांकडं बघितलं, उभा गुडघा खाली केला, आणि बारीक आवाजात विचारलं, "दुखंल का?"

गोरोबाची आई पायात काटा मोडला तरी चालत राहायची, चुलीवर हात पोळला तरी भाकरी थापत राहायची. दुखंल का, असं तिनं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. मग हे कोण विचारतंय? नऊ वर्षं त्याच्या समोर बसून, त्याच्या आईचं तोंड लावून, कोण होतं हे, आणि त्याला इतके दिवस काय काय विचारायचं राहून गेलं असेल? शाळेत पोरं हसली तेव्हा? पांढरा डोळा चुरचुरला तेव्हा? तेवढ्यात दगडावरून, पाठ न वळवता, बिराप्पा बोलले. "तिला म्हणावं, दुखंल." मग, "आन् म्हणावं, डोळा ऱ्हाईल."

"मग लावा," पोर म्हणाली. आणि पुढं, "पर माझ्या आईनं संगं यावं." ती धुरपताबाईकडं बघत होती. धुरपताबाईचा पदर डोक्यावरून खाली आला तो तिनं सावरला नाही.

मुंबईत ज्या सकाळी पोरीला आत न्यायचं होतं, त्या सकाळी गोरोबा तिच्या खाटेशी खाली बसला आणि ते तोंड पाठ करायला लागला. नाकाजवळचा खोलगट भाग, तिथं बोराची बी राहील असा. कानाकडं सरकलेली भुवई. खालचा ओठ. तो वाचायला शिकला तेव्हा एकेक अक्षर बोटानं गिरवायचा, तसं त्यानं नजरेनं गिरवून घेतलं. मग दोन वॉर्डबॉय आले, चाकांची गाडी हलली, आणि तो बाजूनं चालायला लागला. या खेपेला तो आईच्या सोबत दारापर्यंत आला होता. दारापाशी वाकून तो म्हणाला, "आई, सावकाश जा." पोरीला वाटलं ते तिलाच. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "व्हय." दार बंद झालं. गोरोबा भिंतीला टेकला आणि त्याला कळेना की आपण कुणासाठी रडतोय, गेलेल्या माणसासाठी की आत गेलेल्या लेकरासाठी. धुरपताबाईला मात्र ते नेमकं ठाऊक होतं. ती दाराकडं तोंड करून उभी राहिली, ते उघडेपर्यंत.

पोर बाहेर आली ती ओळखू न येण्यासारखी. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, दात तारेनं बांधलेले, कंबरेला पट्टी. बोलता येईना, फक्त हाताची खूण. धुरपताबाई चोच असलेल्या भांड्यातून तिला पेज पाजायची आणि आता आडोशाला पाणी पडत नसतानाही 'तू' म्हणायची, नर्ससमोर, डॉक्टरसमोर, नवऱ्यासमोर. नर्स पोरीला 'सीता' म्हणायच्या. गोरोबा काहीच म्हणायचा नाही. 'आई' जिभेवर यायचं आणि तिथंच थांबायचं; दुसरं काही म्हणायची जिभेला सवय नव्हती. हे बघ, ऐक जरा, असं करून तो वेळ मारून न्यायचा, आणि नाव न घेता लेकराशी बोलणं किती अवघड असतं हे त्याला त्या वॉर्डात कळलं. दुपारी ती झोपली की खोली त्याला फार गप्प वाटायची. श्वास वाजत नव्हता, थांबत नव्हता. तो घाबरून तिच्या नाकाखाली बोट धरायचा, आणि बोटाला कोमट वारा लागायचा, एकसारखा, त्याला श्वास धरायला कुठं जागाच नाही असा. एकदा असाच वाकला असताना त्यानं बघितलं की तिचे डोळे मिटलेले आहेत. पुरते, फट न राहता मिटलेले. असे मिटलेले डोळे या तोंडावर त्यानं उभ्या जन्मात पाहिले नव्हते, ना आईच्या, ना हिच्या. तो बराच वेळ बघत राहिला. हे झोपलेलं लेकरू होतं, आणि दुसरं काहीसुद्धा नव्हतं.

सूज हळूहळू उतरली आणि तिच्याखालून एक तोंड वर यायला लागलं. फार देखणं म्हणावं असं नव्हे. डोळ्यांखाली बारीक शिवणी, एक पापणी जराशी ओढलेली, दात अजून वेडेवाकडे. गोरोबा रोज त्यात आईला हुडकायचा, आणि रोज ती थोडी कमी सापडायची. एका दुपारी धुरपताबाई पेज पाजायला वाकली, पोरीला तिचं काहीतरी ऐकून हसू आलं, आणि तारेमुळं हसता येईना म्हणून नुसता गालाचा उंचवटा वर सरकला. धुरपताबाईही हसत होती. तिचाही तोच उंचवटा, हसायच्या आधी तसाच वर सरकणारा. गोरोबा एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायकोचे गाल त्यानं असे कधी बघितले नव्हते. या पोरीत हिचाही वाटा होता, पहिल्या दिवसापासून, आणि तो कुणी तिला दिलाच नव्हता, त्यानंसुद्धा. त्यानं भांडं बायकोच्या हातातून घेतलं आणि उरलेली पेज आपण पाजली. थोडी सांडली. पोरीनं वैतागून हातानंच खूण केली, नीट धर.

तारा निघाल्या, पोर बोलायला लागली, डोळ्यातलं पाणी थांबलं, आणि सगळे वस्तीवर आले. गाडीतून उतरून पायवाटेनं येताना बंडप्पाची पोरं दिसली, ती ओरडत पळत आली आणि जवळ येऊन थबकली. अंगणात बंडप्पाच्या बायकोचा हात पदराकडं गेला आणि निम्म्यावरच राहिला. नमस्कार करायचा की नाही, अहो म्हणायचं की अगं, कुणालाच सुचेना. पोरही उंबऱ्यापाशी उभी, पुढंही येईना, मागंही जाईना. ओट्यावर बिराप्पा लोकर पिंजत बसले होते. त्यांनी पाठ फिरवली नाही. पोरीकडंही बघितलं नाही. गोरोबाला विचारलं, "तुझी आय गेली व्हय?"

गोरोबाला वाटलं सांगावं, न्हाय, आप्पा, हाय की ही, नुसतं तोंडच बदललंय. तेवढं म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. बंडप्पानं हात जोडले असते, धुरपताबाईनं पदर घेतला असता, आणि पोरीनं गुडघा उभा केला असता. त्यानं पोरीकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, दोन्ही डोळ्यांनी.

"व्हय आप्पा," तो म्हणाला. "गेली."

बिराप्पांनी हातातली लोकर खाली ठेवली. उठले, आडावर गेले, मुंडासं सोडून बाजूला ठेवलं आणि अंगातल्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलं, घरातलं माणूस गेल्याचा सांगावा आल्यावर घेतात तसं. कुणी त्यांना अडवलं नाही. गोरोबा टोपी काढून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. म्हाताऱ्यानं एक घागर त्याच्याही डोक्यावर ओतली. पाणी गार होतं. औरंगाबादहून आला तेव्हा राहून गेलेलं सगळं त्या पाण्याबरोबर निघालं, आणि पाणी पडत होतं तोवर तो किती रडतोय हे कुणाला दिसलं नाही. मग बंडप्पाही येऊन बसला.

बिराप्पा येऊन ओट्यावर उन्हाला टेकले. दाढीतून पाणी ठिबकत होतं. आणि त्यांनी पोरीकडं बघितलं, सरळ, तोंडभर, नऊ वर्षांत पहिल्यांदा. वस्तीवर नवं लेकरू आलं की म्हातारी माणसं विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कुनाची गं तू?"

पोर घोटाळली. तिच्याजवळ होती ती सगळी उत्तरं म्हातारीची होती. ती धुरपताबाईकडं बघायला लागली, मग गोरोबाकडं. गोरोबा सांगायला पुढं झाला, तर धुरपताबाईनं त्याची ओली बाही धरून ठेवली. बंडप्पाचं शेंडेफळ एव्हाना म्हाताऱ्याच्या मांडीशी जाऊन पाठकुळी घे म्हणून घुटमळत होतं. पोरीनं ते बघितलं. ती उंबऱ्यापासून निघाली, चुलतभावाला कोपरानं बाजूला सारलं, कंबर अजून जराशी ठणकत होती तरी म्हाताऱ्याच्या मांडीवर पाय देऊन पाठीवर चढली, त्याच्या ओल्या गळ्याला मागून दोन्ही हातांनी मिठी घातली, आणि खांद्यावर एक थाप मारून म्हणाली, "ऊठ की, आज्या."